बिननावाची बटनं

गल्लीत द्राक्षांची हातगाडी आली की माझी बोटं आपोआप टेबलावर टॅब दाबायला लागतात. समोर कीबोर्ड नसला तरी. द्राक्षं म्हटलं की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, मला प्रॅक्टिकल आठवतं. फेब्रुवारी सरत आलेला, सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा लागतो अशी हवा, नाशिकच्या गंगापूर रोडच्या बाजूनं येणारा पिकल्या द्राक्षांचा आंबूस-गोड वास, आणि कॉलेजांमधून प्रॅक्टिकलच्या तारखा लागलेल्या. बाकीचे ऋतू माझे इकडेतिकडे होतात, पण हा मी झोपेतसुद्धा ओळखेन.

आज गाडीवाला म्हणाला, "ताई, सोनाका हाय, लय गोड. खाऊन तर बघा." मी एक मणी तोंडात टाकला. गोड होता. तरी प्रॅक्टिकल काही डोक्यातून हललं नाही. शेवटी किलोभर घेतली आणि घरात येऊन धूत बसले, तर पाण्याच्या आवाजाबरोबर कॉलेजातलं ते सगळं दुसरं वर्ष पुन्हा अंगावर आलं.

मी जन्मापासून आंधळी. 'दृष्टिहीन' वगैरे शब्द मला भाषणांतून भेटतात. नामपूरला घरी मी आंधळीच, आणि त्यात कुणाला वाईट वाटत नाही, मला तर मुळीच नाही. बारावीनंतर नाशिकला जाऊन कॉम्प्युटर शिकायचं मी जाहीर केलं तेव्हा माय कांदे निवडत होती. म्हणाली, "तुले जमी का वं?" मी म्हटलं, "नही जमनं ते जमाडसू." जमलं नाही तर जमवीन. आमच्या अहिराणीत ह्या दोन गोष्टींत फार अंतर धरत नाहीत. मायनं कांद्यांचा ढीग माझ्यापुढं सरकवला आणि शेजारणीला म्हणाली, "मनी पोर हट्टी शे." माझी पोर हट्टी आहे, हे कौतुक होतं की तक्रार, ते मला आजवर कळलेलं नाही.

आमच्या कॉलेजात लॅबच्या दाराशी चपला काढून आत जायचं. देवळात आणि लॅबमध्ये, दोन्हीकडे. आत गेलं की तळपायाला गार फरशी लागायची, एसीची घरघर, फिनेलचा वास, आणि चाळीस कीबोर्डांचा टपटपाट. माझ्या कॉम्प्युटरला तोंड होतं. म्हणजे त्यात एक वाचक सॉफ्टवेअर होतं, ते पडद्यावरचं सगळं मला हेडफोनमधून वाचून दाखवायचं, इतक्या भरभर की शेजारच्याला ती नुसती किरकिर वाटे. मला तो वेग आवडतो. माणसं फार सावकाश बोलतात.

तर ह्या बोलक्या यंत्रानं दुसऱ्या वर्षी माझ्याशी अबोला धरला. त्या वर्षी विषय होता पडद्यावर खिडक्या, चौकटी, बटनं मांडून प्रोग्राम बनवायचा. त्यासाठीचं सॉफ्टवेअर उघडलं, टॅब दाबलं, यंत्र म्हणालं, "बटन." पुढं गेले. "बटन." आणखी पुढं. "बटन." अख्खा पडदा फिरून आले तरी त्याचं दुसरं काही म्हणणं नव्हतं. माझ्या शेजारी इरफान बसायचा, मालेगावचा, माझ्यासारखाच आंधळा. वर्गात आम्ही दोघंच तसे. त्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "वैशाली, ये तो सब गूंगे निकले."

भानगड अशी असते की सॉफ्टवेअर लिहिणारा बटनावर चित्र काढतो. ते डोळ्यांसाठी. पण बटनाच्या पोटात त्याचं नावही लिहायचं असतं, ते माझ्या यंत्रासाठी. एका शब्दाचं काम. तो शब्द राहिला की यंत्र बिचारं काय वाचणार? ते म्हणतं, बटन. गावात सगळी माणसं आहेत, पण हाक मारायला गेलं तर प्रत्येकजण 'माणूस' एवढंच सांगतो, असलं ते गाव.

गायधनी सर हा विषय शिकवायचे. आवाज खणखणीत, माणूस मनानं साधा, पण त्यांचं सगळं शिकवणं 'हे' आणि 'असं' ह्या दोन शब्दांवर चालायचं. "हे इथनं उचला, हे असं इकडे ओढा, सोडलं की बघा, हे असं होतं. आलं ना सगळ्यांचं?" आलं, आलं, असा कलकलाट व्हायचा. इरफान माझ्या कानात सरांच्याच आवाजात म्हणायचा, "हे असं, की मग ते तसं." मी हसू दाबत बसायचे. पण हसून प्रोग्राम होत नाही. शेवटी एकदा मी हात वर केला.

"सर, 'हे' म्हणजे काय?"

वर्ग खो खो हसला. सर म्हणाले, "अगं, हे म्हणजे हे. हे वरचं बटन."

"त्याचं नाव काय, सर?"

सर थबकले. तीन वर्षं ते हा विषय शिकवत होते, आणि त्या बटनाला नाव असावं असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. बोटानं दाखवता येतं त्याला नाव कशाला लागतं? त्यात त्यांचा दोष मला तेव्हाही वाटला नाही, आताही वाटत नाही. राग मात्र आला होता. कुणाचा ते माहीत नसलेला राग फार टिकाऊ असतो, वर्षभर पुरतो.

त्याआधीच्या परीक्षेला मला रायटर मिळाली होती. रायटर म्हणजे आम्ही सांगायचं आणि तिनं लिहायचं. नियम असा की तिला त्या विषयातलं काही येत नसलं पाहिजे, नाहीतर तीच पेपर सोडवील. नियम बरोबरच आहे. तर आर्ट्‌सची एक गोड मुलगी मिळाली, आवाजावरून तरी गोड. मी सांगत गेले, ती टाइप करत गेली. प्रत्येक ओळीच्या शेवटी मी म्हणायचे, "सेमीकोलन." प्रोग्राम काही केल्या चालेना. वेळ संपत आली तेव्हा मी म्हटलं, शेवटची ओळ मला अक्षर अक्षर वाचून दाखव. ती वाचायला लागली आणि शेवटी म्हणाली, "एस, ई, एम, आय, सी, ओ, एल..." तिनं प्रत्येक ओळीच्या शेवटी 'सेमीकोलन' हा अख्खा शब्द टाइप केला होता. स्पेलिंग न चुकता! आज हा किस्सा मी रंगवून सांगते. त्या दिवशी वसतिगृहावर येऊन मी उशीत तोंड खुपसून रडले. काठावर पास झाले, तेही लेखीच्या मार्कांवर.

तेव्हाच ठरवलं, पुढचं प्रॅक्टिकल माझ्या हातानं. सरांना सांगितलं तर ते काळजीत पडले. "हट्ट कशाला करतेस? रायटर नको असं एकदा लिहून दिलंस की त्या दिवशी ऐनवेळी मागता येणार नाही. नापास झालीस तर वर्ष जाईल." वर्ष गेलं की वसतिगृहातली जागा जाणार होती, कारण तिथं पास होणाऱ्यांनाच ठेवत. आणि जागा गेली की नामपूर, कांदे, आणि संपलं शिक्षण. हे सगळं मला सरांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी लिहून दिलं. माझ्या मागोमाग इरफाननंही दिलं. म्हणाला, "डुबेंगे तो साथ में."

आता हट्ट केला म्हणून मुकी बटनं बोलत नाहीत. पण आम्हाला एक वाट सापडली. ओढायचं-सोडायचं ते सगळं सॉफ्टवेअर बाजूला ठेवायचं, आणि साध्या कोऱ्या पानावर ओळीच ओळी लिहून खिडकी बनवायची. एक चौकट घे, तिच्यावर हे नाव लिही, एक बटन घे, दाबल्यावर अमुक कर. नुसती अक्षरं. अक्षरं तर आमची मालमत्ता. दुपारच्या सुट्टीत लॅब रिकामी असायची, तेव्हा आम्ही डबे घाईघाईनं संपवून जाऊन बसायचो. खिडकीबाहेर द्राक्षांच्या क्रेट भरलेल्या पिकअप गाड्या जायच्या, रिकाम्या क्रेट खडखडत परत यायच्या. बोटांना चटणीचा वास, कानात ती किरकिर. आयुष्यात इतकं सुख मला फार थोड्या वेळा झालंय.

ग्रंथालयाचा एक प्रोग्राम आम्ही पुरा केला. नाव, वर्ग, पुस्तक, आणि तीन बटनं. टॅब दाबत गेलं की एकेक जण शहाण्यासारखा आपलं नाव सांगायचा. आमची बटनं बोलत होती! आम्ही सरांना ओढतच आणलं.

सर पडद्यासमोर उभे राहिले.

"कुठंय?" त्यांनी विचारलं.

"समोर आहे ना, सर. सहा गोष्टी आहेत."

"मला एकच दिसतेय."

मी टॅब दाबून ऐकवलं. सहाच्या सहा. सर वाकले, मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. "अगं, सगळी एकावर एक बसलीयेत! डाव्या कोपऱ्यात. भाकरींची चवड असते ना टोपल्यात, तशी. वरची तेवढी दिसतेय."

प्रत्येक गोष्ट कुठं ठेवायची हे लिहून द्यावं लागतं, तसं दिलं नाही तर सगळ्या एकाच कोपऱ्यात जाऊन बसतात. आम्हाला ते सुचलंच नव्हतं. दोघांपैकी एकालाही नाही! आम्हाला क्रम कळतो. आधी नाव, मग वर्ग, मग पुस्तक. माझ्या खोलीतसुद्धा दारानंतर खाट, खाटेनंतर ट्रंक, ट्रंकेनंतर खिडकी असते. पडद्यावर कुठंतरी 'असायचं' असतं, हे डोळ्यांचं काम. मला आधी रडू आलं, मग इरफान हसायला लागला म्हणून मीही हसले. त्यांच्या बटनांना नाव नव्हतं, आमच्या बटनांना जागा नव्हती. फिट्टंफाट झाली म्हणायची.

हसून झाल्यावर सर खुर्ची ओढून बसले, आणि मला वाटतं त्या दुपारी ते पहिल्यांदा आमचे सर झाले. म्हणाले, "जागा कशी समजावू तुम्हाला?" इरफाननं पिशवीतून त्याची जुनी पाटी काढली. अंध शाळेत गणितासाठी असते ती, ओळीनं भोकं असलेली, त्यात खुंट्या खोचून आकडे मांडायचे. सरांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि पाटीचाच पडदा केला. एक भोक म्हणजे इतकं अंतर. नावाची खुंटी 'इथं' नाही, तर "वरून दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरं भोक." त्या दिवशी त्यांच्या तोंडी 'असं' आलं की ते स्वतःच जीभ चावायचे. आम्ही बोटांनी खुंट्या चाचपायच्या, भोकं मोजायची, त्यांचे आकडे करायचे, ते आकडे प्रोग्रामात लिहायचे.

मी हुशारी करून सगळ्या खुंट्या जवळजवळ खोचल्या, जागा वाचावी म्हणून. सर म्हणाले, "छे, दाटी झाली. डोळ्यांना मध्ये रिकामी जागा लागते." मला फार नवल वाटलं. काहीच नसलेली जागा मुद्दाम सोडायची, आणि ती सोडली नाही तर ह्या लोकांना वाचता येत नाही! डोळस माणसं मला तोवर अगदी स्वयंपूर्ण वाटायची. त्यांनाही सोयी लागतात, फक्त त्यांच्या सोयींना कुणी सोयी म्हणत नाही. दिव्याचं बटन दिसलं नाही तर बापडी अंधारात धडपडतात.

आज मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. घरी बसून टॅब दाबत जाते आणि जिथं यंत्र नुसतं "बटन" म्हणेल तिथं लिहून कळवते, ह्याला नाव द्या. समोरून उत्तर येतं, पुढच्या वेळी करू. मी पुन्हा कळवते. पुन्हा तेच उत्तर. मग मी फोन करते. फोनवर मी गोड बोलत नाही, हे तिथल्या पोरांना आता माहीत झालंय. इरफान मालेगावला शाळेत कॉम्प्युटर शिकवतो. परवा त्याचा फोन आला, त्याच्या मोबाइलमधलं रोजचं ॲप नव्यानं सजवून आलं आणि सजवण्याच्या नादात सगळी बटनं पुन्हा मुकी झाली. "जहाँ से चले थे," तो म्हणाला. मी म्हटलं, चालायचं. कांदासुद्धा दरवर्षी नव्यानंच लावावा लागतो.

आमच्या प्रॅक्टिकलचा दिवस आला तेव्हा द्राक्षं भर हंगामात होती. मायनं सकाळी फोन केला, तिकडं कांद्याची काढणी चाललेली, मागं बायकांचे आवाज. "घाबरू नको," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मी पहिल्या तुकडीत होते, इरफान दुसऱ्या. गायधनी सरांना नियमाप्रमाणे दुसऱ्या लॅबवर पाठवलं होतं. आमच्याकडे बाहेरगावाहून आलेल्या परीक्षक मॅडम होत्या. त्यांच्या बांगड्या वाजत, त्यामुळे त्या कुठं आहेत ते मला कळायचं.

प्रश्न मिळाला. दवाखान्यातल्या नोंदींची खिडकी. मी इरफानची पाटी मांडीवर घेतली, खुंट्या खोचल्या, मध्ये डोळ्यांसाठी भरपूर रिकामी जागा सोडली, आणि लिहायला लागले. एकदा चुकलं, दुरुस्त केलं. चाललं. पुन्हा चालवून पाहिलं, पुन्हा चाललं. आता उत्तर फक्त जमा करायचं. त्यासाठी एक वेगळंच सॉफ्टवेअर त्या आठवड्यात बसवलं होतं, सरावाला कुणालाच मिळालं नव्हतं. मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, एकदा पुसलं गेलं की परत मिळणार नाही. मी ते उघडलं आणि टॅब दाबलं.

"बटन. बटन. बटन."

मी हात वर केला. बांगड्या जवळ आल्या.

"मॅडम, इथं तीन बटनं आहेत. कुठलं काय आहे?"

"अगं, सबमिट दाब ना."

"त्यातलं सबमिट कुठलं?"

"बाजूला हो, मी दाबते."

"नको, मॅडम. तुम्ही नाव सांगा, दाबेन मी."

त्यांचा आवाज थोडा कडक झाला. "तू रायटर नको म्हणून लिहून दिलंयस ना? मग मी कशी सांगू? मी बाकीच्यांनाही काही सांगत नाहीये."

"बाकीच्यांना दिसतंय, मॅडम. मला ऐकू येतं, पण हे बोलत नाहीये. मी न विचारता दाबणार नाही. माझं वर्ष आहे त्यात." एवढं बोलले. बसून राहिले. वेळ संपेपर्यंत तशीच बसून राहिले असते.

मॅडम वाकल्या. त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास होता. "हे बघ, पहिल्यावर ढग आहे, त्यात बाण. दुसऱ्यावर गोल फिरलेला बाण. तिसऱ्यावर बरोबरची खूण."

"मग सबमिट कुठलं?"

मॅडमच्या बांगड्या पडद्याजवळ इकडून तिकडे वाजल्या, पुन्हा तिकडून इकडे वाजल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्हालापण नाय कळत. मी मघापासून थांबलोय."

"मीपण," दुसरी एक मुलगी म्हणाली.

"ढगावर दाबलं तर पुसलं जाईल का, मॅडम?"

खुर्च्या करकरल्या. अर्धी लॅब थांबलेली होती! चांगले दोन-दोन डोळे घेऊन बसलेली, आणि विचारायची लाज वाटत होती म्हणून गप्प. मला इतका वेळ वाटत होतं की ह्या खोलीत एकटी मीच अडकलेय. सगळ्या वर्षाचा साठलेला राग एकदम निघून गेला आणि मला त्या पोरांची चक्क माया आली.

मॅडम बाहेर गेल्या, कुणाशी तरी फोनवर बोलल्या, परत येऊन मोठ्यानं म्हणाल्या, "सगळ्यांनी ऐका. पहिलं, नुसतं सेव्ह. दुसरं, सगळं पुसून नव्यानं. तिसरं, सबमिट." मी तिसऱ्यावर गेले आणि एंटर दाबलं. यंत्र काही म्हणालं नाही.

"गेलं का, मॅडम?"

"गेलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पुढं गेल्या.

निकाल पुढं लागला, पास झाले, इरफानही झाला. पण मला आठवते ती त्यानंतरची घटका. मी दाराशी पायानं चपला शोधत होते. बाहेर दुसरी तुकडी उभी होती, इरफान भिंतीला टेकून. मी त्याची पाटी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "तीन आहेत. तिसरं दाब. दुसऱ्याला हात लावू नको." पेपर फुटतो म्हणतात तसं मी बटन फोडलं. ते आजूबाजूच्यांनी ऐकलं आणि पोरं भोवती गोळा झाली. काय गं, कुठलं दाबायचं? पुसतं ते कुठलं? डावीकडून तिसरं ना? मी सगळ्यांना सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या कॉलेजात दोन वर्षं मीच विचारत आले होते, जिना कुठंय, फळ्यावर काय लिहिलंय, कुणी सोबत येईल का. एक मुलगी उशिरा, धापा टाकत आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. गर्दीतून कुणीतरी तिला म्हणालं, "वैशालीला विचार ना, तिला माहितीये."